कानावरची बिडी

आमच्या उपकेंद्रात नवी मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात मी तिला एक प्रश्न पाठ करायला लावते. धाप लागणारा माणूस आला, मग तो बिडी पिणारा असो की खर्रा खाणारा, त्याला आधी विचारायचं, ‘झोपता कसे? पडून की बसून?’ पुस्तकात ‘उशा किती लागतात’ असं लिहिलेलं असतं. धानोऱ्याच्या या बाजूच्या गावांत उशा मोजून कोणी झोपत नाही. डोक्याखाली घडी घातलेलं पोतं, नाहीतर स्वतःचा हात. म्हणून प्रश्न मी बदलून घेतला. मुली वहीत लिहून घेतात. बाईंना हाच प्रश्न एवढा महत्त्वाचा का, असं अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर गोवर्धनभाऊंचं नाव घ्यावं लागेल, आणि नाव घेतलं की बाकीचंही सांगावं लागेल. ते इथे सांगते.

गोवर्धन खोब्रागडे आमच्या उपकेंद्राचे आरोग्यसेवक. मी आरोग्यसेविका म्हणून आले तेव्हा त्यांची अर्धी नोकरी या जंगलात झाली होती. काम हिवतापाचं. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक घरी जायचं, ताप आहे का विचारायचं, असला तर बोटातून रक्त घेऊन काचपट्टीवर पसरायचं आणि घराच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. बाकीचे सेवक खडूने रेघोट्या ओढत. गोवर्धनभाऊ बारीक कुंचला आणि गेरू बाळगत. त्यांची तारीख दाराशेजारी अशी बसायची की लोक पोळ्याला घर सारवताना तेवढा चौकोन सोडून सारवत. मी एकदा म्हटलं, “भाऊ, सरकारी तारखेला एवढी नक्षी कशाला?” तर म्हणाले, “बाई, त्याईच्या घरी दुसरं लिवलेलं हाय काय? पोट्टे याच्यावरूनच आकडे शिकून राह्यले.”

खरंच शिकत होते. टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, शाळेतल्या मुलांचा चार आणि सात अगदी त्यांच्यासारखा होता.

सुई टोचायची त्यांची पद्धत वेगळी होती. मुलाचं बोट हातात घ्यायचं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, “मुंगी येऊन राह्यली... कुठी गेली?... हे पाहा, चावली.” मूल मुंगी शोधेपर्यंत रक्त काचेवर. मोठ्या माणसांनाही तेच. एक म्हातारी त्यांना लांबून बघितलं की ओरडायची, “आला गा मुंगीवाला!” आणि बोट पुढे करूनच बसायची. गोंडी त्यांना माझ्या मराठीइतकी सहज यायची. कपाळावर उलटा हात ठेवून ताप ओळखायचे आणि मग खिशातून थर्मामीटर काढायचे. “हा सरकारसाठी,” म्हणायचे. “मले कळला.”

आणि बिडी. दोन घरांमध्ये एक बिडी. एक ओठात, दुसरी उजव्या कानावर तयार. उन्हाळ्यात सगळी गावं तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची, तेव्हा हेही पहाटे पानं गोळा करायच्या फडीवर जाऊन तिथेच लोकांची रक्तं घ्यायचे. परत येताना चार कोवळी पानं खिशात. “शहरातल्या लोकायले शिळी बिडी भेटते,” ते अभिमानाने सांगत. “आपली ताजी.” उपकेंद्राच्या पायरीवर बसून ते ओढायचे आणि मी आतून ओरडायची. तो आमचा रोजचा कार्यक्रम होता. माझ्या वडिलांचे शेवटचे दिवस बिडीच्या खोकल्यात गेले, त्यामुळे या विषयात मला कोणाचं काही ऐकून घ्यायची सवय नाही. मी बोलायची, ते हसायचे. कधी म्हणायचे, “बाई, तुमी आमच्या वहिनीपेक्षा जास्त बोलता.” वहिनी म्हणजे कोण, असं विचारलं तर म्हणायचे, “कोणीबी असन. बोलनारी पाह्यजे.”

एका वर्षी हिवाळ्यानंतर त्यांना धाप लागू लागली. चालता चालता थांबायचे, झाडाची साल निरखल्यासारखं करायचे आणि पुढे निघायचे. मी ओळखलं. मनात म्हटलं, आली वेळ.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या मैदानावर तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम होता. प्रशिक्षणात मला एक चाचणी शिकवली होती. जळती काडी तोंडापासून वीतभर अंतरावर धरायची आणि तोंड उघडं ठेवून, ओठ न जुळवता, फुंकायला सांगायचं. चांगल्या फुप्फुसाचा माणूस काडी विझवतो. फुप्फुस खराब असेल तर ज्योत नुसती हलते. सोपी चाचणी, खर्च नाही, आणि लोकांना समोर दिसतं. मला अशाच गोष्टी आवडतात. सरपंच, शिक्षक, बचतगटाच्या बाया, सगळी पोरं जमली होती. पुढे कोणाला बोलवायचं हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

“गोवर्धनभाऊ, या इकडे.”

ते मागे सतरंज्या उचलत होते. हात झटकत आले. मी काडी पेटवली. त्यांनी फुंकलं. ज्योत वाकली आणि परत उभी राहिली. दुसऱ्यांदा फुंकलं. काडी जळत माझ्या बोटापर्यंत आली, मी टाकून दिली. दुसरी पेटवली.

“जोर लावा ना भाऊ. रात्री जेवले नाही काय?”

पोरं हसली. त्यांनी पुन्हा फुंकलं, आणि मग एवढा खोकला आला की गुडघ्यांवर हात टेकून वाकावं लागलं. मान वर केली तेव्हा चेहरा घामाने भिजला होता. तरी म्हणाले, “बाई, माचिस सरकारी दिसते. आदेश आल्याबिगर विझत नाई.”

सगळं मैदान हसलं. मीही हसले, आणि हसत हसत माईकवर म्हटलं, “पाहिलं ना? हे बिडीचं काम. आपल्या आरोग्य खात्याच्या माणसाची ही गत, तर तुमची काय होईल?” टाळ्या पडल्या. तो कार्यक्रम चांगला झाला, असा शेरा माझ्या नोंदवहीत आहे.

नंतर ते हातपंपामागे एकटेच बसलेले मला दिसले. पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर. मी जाता जाता म्हटलं, “आता तरी सोडा.” त्यांनी मान हलवली.

तीन महिन्यांनी, पेरण्या चालू होत्या तेव्हा, पायरीवर बसून ते म्हणाले, “बाई, सोडली बरं मी.”

“काय सोडली?”

“बिडी.”

त्यांच्या उजव्या कानावर बिडी होती.

“मग हे काय आहे?”

त्यांनी हात लावून पाहिलं. “हे सवयीची हाय. पेटवत नाई. कान रिकामा वाटते.”

“भाऊ, मी काय काल आले का नोकरीला?”

“खरं सांगून राह्यलो.”

“खरं असतं तर धाप कमी झाली असती. तुमची तर वाढली. कुठे लपून ओढता तेवढं सांगा.”

माझा हिशेब मला अगदी पक्का वाटला होता: बिडी सुटली तर दम सुधारतो, यांचा बिघडतोय, म्हणजे बिडी सुटलेली नाही. त्यानंतर मी एकदा त्यांची पिशवीही तपासली. काचपट्ट्यांचा डबा, गेरूची पुडी, कुंचला, डब्यात चटणी-भाकर. माचिस नव्हती. ती सापडली नाही म्हणून मी म्हटलं, “हुशार झालात.”

प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्यांच्यासाठी दम्याच्या गोळ्या मी आणून द्यायची. ते म्हणाले, “गोळीनं छाती लय धडधडते, बाई.” मी म्हटलं, “बिडी नाही मिळाली की धडधडणारच.” म्हणजे ते ओढत होते तेव्हाही मी बरोबर आणि ओढत नव्हते तेव्हाही मीच बरोबर.

पावसाळ्यात त्यांनी कॅनव्हासचे बूट सोडले आणि रबरी चपला घातल्या, त्याही पट्टा सैल करून. पाय सुजले होते. आमच्या भागात पाय सुजला की आधी हत्तीरोग आठवतो. मला तोच आठवला. दोन्ही पाय सारखे सुजलेले आहेत, सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त, जे हत्तीरोगात सहसा नसतं, हे मी रोज पाहत होते. हत्तीरोगाच्या गोळ्यांची चिठ्ठी केली. ते म्हणाले, “आता हत्ती बी पाळा म्हनता काय? मुंगी होती तेच बरं होतं.” धापेला बिडी, सुजेला हत्तीरोग, थकव्याला वय. एकाच माणसाचे मी तीन तुकडे करून तीन खणांत ठेवले होते.

एक दुपार मात्र मला पुसता येत नाही. टेकडीवरच्या टोल्याखाली लसीकरण होतं. काम उरकलं, जेवलो आणि मोहाच्या झाडाखाली ताडपत्री टाकून सगळे आडवे झाले. आशाताई, मी, लस घेऊन आलेला गाडीवाला. गोवर्धनभाऊ तेवढे बसून राहिले. लोखंडी डबा मांडीवर घेऊन, त्यावर कपाळ टेकवून.

“पडा ना जरा, भाऊ.”

“पडलो का बुडल्यासारखं वाटते, बाई.”

“कसं?”

“पाण्यात बुडल्यासारखं. बसलो का वर येतो.”

मी त्यांना आडव्या पडल्या पडल्या सांगितलं, “कफ आहे. बिडीचा.” आणि कूस बदलून झोपले.

परिचारिकेच्या शिक्षणात हे शिकवतात. पहिल्याच वर्षी शिकवतात. हृदय दमलं की ते रक्त पुढे ढकलू शकत नाही, ते मागे तुंबतं आणि त्यातलं पाणी फुप्फुसात उतरतं. माणूस आडवा झाला की गुदमरतो, उठून बसला की श्वास येतो. परीक्षेत मला या प्रश्नाला पूर्ण गुण होते. त्या माणसाने पुस्तकातलं लक्षण पुस्तकापेक्षा नीट सांगितलं, आणि मी झोपले. त्या वर्षी केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी होती, हे कारण मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण पायावर अंगठा दाबून पाहायला डॉक्टर लागत नाही.

दिवाळीनंतर मी पाहणीसाठी टेकडीवरच्या टोल्यावर चढले. भिंतींवरच्या तारखा जुन्या होत्या, काही तर शेणामातीखाली गेल्या होत्या. ती मुंगीवाली म्हातारी भेटली. म्हणाली, “भाऊ खालूनच हाक देते. आमी उतरतो. त्याले चढवत नाई.” म्हणजे वहीत घरोघरच्या भेटी आणि प्रत्यक्षात भाऊ झाडाखाली. मी परत आले आणि एका बैठकीत अहवाल लिहिला. ‘सदर कर्मचारी व्यसनामुळे गृहभेटी देण्यास असमर्थ असून खोट्या नोंदी करतात.’ वाक्य माझंच आहे. अक्षरही चांगलं आहे.

तेवढ्यात केंद्रात नवीन डॉक्टर आल्या होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. नोकरीवर येईल, हे भाऊंना कळत होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कानावर बिडी होती. मला तोही उर्मटपणा वाटला. अहवाल टेबलावर होता. डॉक्टरांनी तो वाचला, मान वर करून भाऊंकडे पाहिलं आणि परत खाली पाहिलंच नाही. त्यांच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरेकडे बघत राहिल्या.

“बसा. पाय दाखवा.”

त्यांनी खुर्चीतून उठून, खाली उकिडवं बसून नडगीवर अंगठा दाबला. काढला तेव्हा तिथे खळगा पडला होता, आणि तो भरून यायला तयार नव्हता.

“इथे टेबलावर आडवे व्हा.”

“बसूनच पाहा ना, मॅडम.”

“का?”

“बुडतो मी.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाठीला नळी लावली, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती हातात धरून विचारलं, “छातीत कधी दुखलं होतं? जोरात?”

“मागच्या हिवाळ्यात. टेकडी चढता चढता. घाम लय आला. घंटाभर बसलो झाडाखाली, मंग उतरलो.”

“कोणाला सांगितलं नाही? सिस्टर तर तुमच्याबरोबरच असतात.”

“सांगतो तं बाई बिडीचं सांगतील,” ते म्हणाले.

ते तक्रार करत नव्हते. पाऊस आला तर छत्री लागेल, अशा स्वरात म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून थोडे हसले, जणू माझी बाजू सांभाळून घेतायत. अहवाल टेबलावर तसाच होता, त्यावर माझी सही.

झटका येऊन गेला होता. हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. दहा महिने ते तसेच चालत होते, माझ्या दम्याच्या गोळ्या खाऊन, ज्यांनी त्या दमलेल्या हृदयाला आणखी पळवलं असणार. जिल्ह्याला नेणाऱ्या गाडीत भाऊंना बसवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शिकवल्यासारखं बोलल्या. “बिडीनं फुप्फुसं खराब झालीच असतील, सिस्टर. हृदयाच्या रक्तवाहिन्याही बिडीनंच खराब होतात. बिडी पिणाऱ्याला दोन्ही होऊ शकतं. बिडीचं तुमचं चुकलं नाही. पण बिडी दिसली की आपण बाकीचं बघणं थांबवतो.”

त्या ‘आपण’ म्हणाल्या. मला मात्र फक्त मीच दिसत होते.

आठवड्याने मी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. भाऊ झोपले होते. पाठीवर, सरळ, आडवे. पाण्याच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी उतरलं होतं आणि चेहरा एवढासा झाला होता. त्यांच्या बायको, सुमनबाई, स्टुलावर बसल्या होत्या. “किती महिन्यानं असे पडले,” त्या हळूच म्हणाल्या. “घरी भिंतीले टेकून बसत. मीबी मंग बसत होती.” मग त्यांनी पदराच्या गाठीतून काहीतरी काढून दाखवलं. ती बिडी. “भरती करतानी नर्सनं काढून देली. हे तेच हाय पाहा, शाळेतल्या दिवसाची. त्या दिवशी घरी आले आन् बिडीचा कट्टा चुलीत टाकला. हे एकच ठेवली. म्हने, बाईले जिंकून दाखवतो.”

तिचं पान तपकिरी होऊन तेलकट झालं होतं. बांधलेला दोरा घामाने काळा पडला होता. टोक कुठेही जळालेलं नव्हतं. मी ती हातात घेतली नाही.

भाऊ जागे झाले. मी येताना ठरवलं होतं काय बोलायचं ते. तोंडातून आलं, “मीठ बंद करा. सुकी मासोळी तर अजिबात नाही.”

“बिडी गेली, आता मासोळी बी?” ते म्हणाले. “बाई, मांगं काय ठेवता मले?”

सुमनबाई हसल्या. मी फळांची पिशवी ठेवली आणि बस चुकेल म्हणून निघाले. बसला तासभर वेळ होता. अहवाल मी मागे घेतला, तोही लेखी. माफी मात्र लेखी मागता येत नाही, म्हणून ती राहिली.

नंतर त्यांना हलकं काम मिळालं. केंद्रात बसून काचपट्ट्यांवर क्रमांक टाकायचे, तेच वळणदार चार आणि सात. धाप गेली नव्हती, पण ओसरली होती. कान रिकामा होता.

पुढच्या वर्षी मैदानावर पुन्हा तोच कार्यक्रम आला. काडीची चाचणी मी यादीतून काढून टाकली होती. भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा ते मागून चालत पुढे आले. कोणी बोलावलं नव्हतं. खिशातून नवी माचिस काढून माझ्यापुढे धरली.

“पेटवा, बाई.”

“राहू द्या भाऊ.”

“पेटवा ना. माचिस इकतची आनली, सरकारी नाई.”

मी पेटवली. त्यांनी तोंड उघडं ठेवून फुंकलं. ज्योत पार आडवी झाली, निळी झाली, विझली असं वाटलं, आणि उभी राहिली. या वेळी कोणी हसलं नाही. ते लोकांकडे वळले.

“एवढं बिडीनं खाल्लं,” काडीकडे बोट करून ते म्हणाले. मग छातीवर हात ठेवला. “आन् हे बी तिनंच खाल्लं, पन हे मले मालूम नोयतं. दम लागला का नुस्ता खोकला समजू नका. पाय पाहा. झोप पाहा. मी बाईले सांगतलं नाई, म्हनून एवढं झालं.”

सांगितलं होतं. मोहाच्या झाडाखाली, स्पष्ट शब्दांत. मैदानावर हे माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं, “टाळ्या वाजवा भाऊंसाठी.” सगळ्यांनी वाजवल्या.

कार्यक्रम संपला तसे ते घराकडे निघाले. त्यांचं घर रस्त्याने दीड मैलावर. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले, आणि मधल्या काळात मी पुढे रद्द झालेल्या एका बदलीच्या कागदांमागे धावत होते, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. त्या दिवशी मी कार्यक्रमाचे फॉर्म गोळा करत होते आणि मान वर करून बघत होते. ते विजेच्या एका खांबापर्यंत चालायचे, खांबाला हात लावून उभे राहायचे, मग पुढच्या खांबापर्यंत. नाल्याच्या पुलावर कठड्याला बसले. उजवा हात सवयीने कानाकडे गेला, तिथे काही नव्हतं, परत मांडीवर आला. मग उठले आणि चालू लागले.

माझी स्कूटी शाळेच्या फाटकात उभी होती, किल्ली माझ्या हातात. पाच मिनिटांचं काम होतं. पण मागे बसले असते तर घरापर्यंत त्यांचा श्वास माझ्या कानाशी ऐकू आला असता. मी फॉर्म पुन्हा एकदा मोजायला घेतले.